मास्तर तीन हातांवर थांबतो

मी आत्तापर्यंत कितीदा मेले ते मला नक्की सांगता यायचं नाही. छातीत भाला घुसून मेले, मानेवर वार बसून मेले, एकदा हत्तीच्या पायाखाली मेले. त्या दिवशी हत्ती आलाच नव्हता, म्हणून नुसतं वर बघून किंचाळले आणि मेले. बहुतेक वेळा दाढी लावून मेले. ऐतिहासिक मालिकेत घोड्यावरून पडायला बाई लागत नाही, सैनिक लागतो. आणि मी ज्या काळात या धंद्यात शिरले त्या काळात भरधाव घोड्यावरून सांगाल तिथे, सांगाल तसं पडणारी माणसं कमी होती. मग कोण पडतंय ते कोण बघतो? गमने दाढी चिकटवली, मुंडासं बांधलं की झाला शालन परबचा शिपाईगडी.

दिवाळी अंकासाठी लिहा असा या अंकाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो मला लिहिता कुठे येतं? त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. आता भोगा.

आधी आमचा धंदा काय ते सांगते. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर गोराईला एका तबेल्यात मोतद्दार म्हणून लागले, म्हणजे घोड्यांना खरारा करायचा, दाणावैरण घालायची, लीद काढायची. आम्ही वाकोल्याला राहायचो. संध्याकाळी बाबा घरी आले की आई त्यांना दाराबाहेरच थांबवायची, अंगाला घोड्याचा वास येतो म्हणून. मला तो वास आवडायचा. नवव्या वर्षी बाबांबरोबर गोराईला गेले ती अजून परत आलेली नाही, असं आई मरेपर्यंत म्हणत होती. पुढे मालिकावाल्यांना घोडे लागायला लागले, तबेल्यातून घोडे जायला लागले, आणि घोड्यांबरोबर मी. मोठी झाल्यावर मी दोन कामं करायची: दाढी लावून पडायचं, आणि शूटिंगसाठी घोडे तयार करायचे.

पडण्याचं काय, ते आठवड्यात शिकवता येतं. पडताना रिकिबीतून पाय आधी सुटला पाहिजे आणि लगाम शेवटी सुटला पाहिजे, एवढंच. उलट झालं तर वाट लागली. खरं काम घोड्यांचं. आणि त्याहून खरं काम हिरोंचं. एका मालिकेत आमचे सेनापती घोड्याला इतके घाबरायचे की त्यांचे सगळे क्लोजअप टेम्पोच्या हौद्यात एका निळ्या ड्रमवर बसवून घेतले. टेम्पो खड्ड्यातून जायचा, सेनापती खाली-वर व्हायचे, खाली बसून एक जण पंख्याने त्यांच्या तोंडावर धूळ उडवायचा. लांबचा शॉट आला की ड्रमवर मी. चुकले, घोड्यावर मी. पुढे त्यांनी एका मुलाखतीत घोड्याशी जुळलेल्या नात्याविषयी इतकं सुंदर सांगितलं की मला स्वतःला त्यांचा हेवा वाटला.

शेवटी नावांची पाटी यायची. त्यात घोडे पुरवणाऱ्याचं नाव असायचं, चहा पुरवणाऱ्याचं असायचं. आमचं 'फायटर्स' एवढंच. तीस वर्षांत शालन परब हे नाव पाटीवर एकदाही आलं नाही. मी म्हणायची, जाऊ दे ना, काय फरक पडतो. पडायचा. प्रत्येक वेळी पाटी सरकायला लागली की मी पदर खोचून टीव्हीच्या जवळ जाऊन उभी राहायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुडघा गेला तेव्हा पडणं सोडलं. आता मी रोज बोरिवलीच्या बाजूने सकाळच्या लाँचने गोराईला जाते आणि पास्कलच्या वाडीत लोकांना घोड्यावर बसायला शिकवते. पास्कल माझ्याच वयाचा. जमीन त्याची, घोडे माझे. भांडणं दोघांची. शूटिंगच्या काळात तो आणि त्याच्या गावातले दहा-बारा जण पायदळात उभे राहायचे. म्हणजे मी घोड्यावरून त्यांच्यावर चालून जायची आणि ते खाली भाले धरून उभे. गावात मासे नसले की लढाई, असं त्यांचं चालायचं.

मृणाल आली ती याच वाडीत. मुलुंडला राहणारी, कॉलेजात इतिहास शिकवणारी, चाळिशीची बाई. पांढरेशुभ्र बूट घालून आली होती. तेव्हाच ओळखलं की ही पुस्तकातून आलीय. तिला घोड्यावर बसायला शिकायचं नव्हतं. तिला जुन्या काळातली घोडदळाची लढाई नेमकी कशी व्हायची ते समजून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी घोड्यावर बसायचं होतं. त्यावर ती पाच वर्षं पुस्तक लिहीत होती.

मी म्हटलं, मॅडम, कागदपत्रांत लिहिलेलं असेल की. तर म्हणाली, तीच तर पंचाईत आहे. कागदांत लिहिलेलं असतं, घोडी घातली, हाणामारी झाली, शत्रूचा मोड झाला. संपलं. घोडी घातली म्हणजे काय केलं? चालत गेले की दौडत? घोडे समोरच्या माणसांवर आदळले, की आधीच थांबले? मोड झाला म्हणजे काय झालं? ते लिहिणाऱ्याला सांगायची गरजच वाटली नाही, कारण वाचणारा प्रत्येक जण घोड्यावर बसलेला होता. दाराची कडी कशी काढायची ते आपण पत्रात लिहितो का, तसं. मग हल्लीचे इतिहासकार काय करतात, तर घोड्यावर बसणाऱ्यांना विचारतात. शर्यतीवाले, पोलोवाले, पोलिसातले घोडेस्वार, आमच्यासारखे पडणारे. आजचा घोडा वेगळा, जीन वेगळं, पोटभर जेवलेला स्वार वेगळा, त्यामुळे सगळं जसंच्या तसं मानायचं नाही. पण घोड्याचे डोळे, घोड्याची भीती, वळताना त्याला लागणारी जागा, हे काही बदललेलं नाही.

मला हे फार आवडलं. इतकी वर्षं लोक मला विचारायचे, लागतं का हो पडल्यावर? ही पहिलीच बाई जिने मला काय माहीत आहे ते विचारलं.

तिला मास्तरवर बसवलं. मास्तर म्हणजे आमचा तपकिरी घोडा. वीस वर्षांच्या पुढचा, शूटिंगमधून रिटायर झालेला. नवशिक्यांना तोच शिकवतो म्हणून मास्तर. मी नुसती बाजूला उभी राहून ओरडते. पहिल्या दिवशी मृणालने विचारलं, डावीकडूनच का चढायचं? मी म्हटलं, कमरेला डावीकडे तलवार असेल तर उजवीकडून चढून बघा. ती हसली. आज कुणाच्या कमरेला तलवार नाही, तरी मोबाईल हातात धरून सगळे डावीकडूनच चढतात.

तिसऱ्या आठवड्यात ती पडली. उठली, कपडे झटकले, वही उघडली आणि पडताना काय वाटलं ते लिहायला लागली. तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले. घोड्यावरून पडलेल्या माणसाला मी अहो-जाहो करत नाही. ती मात्र मला शेवटपर्यंत ताई, तुम्ही.

मग आम्हा दोघींना चेवच चढला. बांबूला दुधी टांगला आणि दौडत जाऊन लाकडी तलवारीने किती वार बसतात ते बघितलं. एक. तोही बसला तर. मालिकेत दोन स्वार समोरासमोर घोडे उभे करून भाजीच्या गाडीवर घासाघीस करावी तसे दहा मिनिटं खणखणाट करतात, ते सगळं थोतांड. खरं तर डोळ्यांसमोरून दुधी येतो आणि निघून जातो. मृणालचा पहिला वार दुध्याला लागलाच नाही, मास्तरच्या कानाला लागला. ही चूक प्रत्येक जण करतो. तलवार घेतलेला नवा स्वार सगळ्यात आधी स्वतःच्या घोड्याला मारतो. तिने तेही लिहून घेतलं. मग एक दिवस तिने कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की रिकीब नसेल तर भाला चालवताच येत नाही. मी मास्तरच्या दोन्ही रिकिबी काढून ठेवल्या, बांबू काखेत धरला आणि भुशाचं पोतं दौडीत फोडून दाखवलं. माझा गुडघा दोन दिवस ठणकत होता. पण त्या बाईने चार पानं लिहिली. रिकीब कामाची नाही असं नव्हे हं. तलवार घेऊन बाजूला झुकायचं तर ती लागतेच. पण भाला मारतो तो घोडा. आपण फक्त धरून बसायचं.

तर असं झकास चाललेलं असताना मुख्य प्रश्न आला. माणसं खांद्याला खांदा लावून, भाले रोखून उभी आहेत. घोडा त्यांच्यावर आदळतो का? मृणालला ज्यांनी इतिहास शिकवला ते तिचे सर, पंचाहत्तरीचे, त्या विषयातले मोठे माणूस. त्यांचं म्हणणं, घोड्याच्या छातीच्या धक्क्यानेच पायदळ फुटायचं. मृणालचं म्हणणं, कुठलाही शहाणा घोडा उभ्या भिंतीवर जाऊन आदळत नाही, मग भाल्यांवर कसा जाईल? पुस्तकातलं मधलं, सगळ्यात मोठं प्रकरण यावरच होतं. ते चुकलं तर पाच वर्षं पाण्यात. तिने मला विचारलं, आपण करून बघू या का?

केलं. पास्कल आणि त्याचे अकरा जण रांगेत उभे केले. बांबूंच्या टोकांना चिंध्या गुंडाळल्या. मृणाल कॅमेरा घेऊन बाजूला. मी मास्तरवर बसले, गुडघ्याला शिव्या घातल्या आणि वाडीच्या त्या टोकापासून दौडत निघाले. लगाम मुद्दाम ढिला सोडला होता. रांग जवळ आली. मास्तरने दहा पावलांवर वेग तोडला, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि बरोबर तीन हातांवर थांबला. रांगेतला एकही माणूस हलला नाही. मग मास्तर शांतपणे दोन पावलं पुढे गेला आणि त्याने पास्कलच्या छातीत तोंड खुपसलं. मृणाल नाचायचीच बाकी होती. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

आता इथे मी लिहू शकले असते की माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. पण आलं होतं. पहिल्याच वेळी आलं होतं.

मास्तरला रांगेपुढे थांबायला मी शिकवलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका मालिकेत रोज लढाई असायची. दिग्दर्शकांना हवं होतं की घोडा पायदळावर चालून जावा, अगदी जवळ जावा, पण कुणाला लागू नये. मी महिनाभर त्याच्यावर काम केलं. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग दौडत. रांगेत पास्कल उभा, त्याच्या खिशात गूळ. तीन हातांवर थांबला की गूळ. पुढे पुढे लगाम ओढायचीही गरज पडेना. वर कोणीही बसवा, समोर माणसांची रांग दिसली की मास्तर तीन हातांवर थांबायचा आणि पास्कलचा खिसा हुंगायचा. त्याच्या जोरावर आम्ही शेकडो लढाया मारल्या. आणि मृणालने जो घोड्याचा मूळ स्वभाव म्हणून कॅमेऱ्यात पकडला, तो माझा गूळ होता.

मग बोलले का नाही? कारण दुसऱ्या वेळचं झाल्यावर मृणाल धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, पुस्तकात तुमचं नाव घालणार आहे मी, प्रयोग शालन परब यांनी केला असं. माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. पास्कलने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. घरी जाताना लाँचवर मी स्वतःची समजूत घातली की तसंही घोडा आदळत नाहीच, मला माहीत आहे ना, मग काय बिघडलं. बाबा असते तर कानाखाली वाजवली असती. ते घोडा तयार करताना नेहमी म्हणायचे, "घोड्याक खोटा शिकवू नको गो. तो ता खरा मानता." मी घोड्याला खोटं शिकवलं ते पोटासाठी. त्याचं मला काही वाटत नाही. पण मृणालला खोटं शिकवलं ते नावासाठी.

पुढे घाटकोपरच्या एका कॉलेजात परिषद भरली. मृणाल तिथे हे प्रकरण वाचणार होती. मला आणि पास्कलला आग्रहाने बोलावलं. पास्कल इस्त्रीचा शर्ट घालून आला, मी लग्नातली साडी नेसले. पुढच्या रांगेत बसवलं आम्हाला. मृणाल फार छान बोलली. पडद्यावर चित्रफीत दाखवली. मी स्वतःला दाढीशिवाय घोड्यावर पहिल्यांदाच बघितलं. मास्तर थांबला, टाळ्या पडल्या. पास्कलने पडद्यावर स्वतःला बघून मला कोपर मारलं.

मग तिचे सर उभे राहिले. बारीक चणीचे, आवाज अगदी हळू. म्हणाले, "मृणाल, काम सुंदर आहे. फक्त मला एक सांग. थांबल्यावर घोडा त्या गृहस्थांच्या खिशात काय शोधतोय?"

हॉलमध्ये हशा पिकला. मृणालही हसली. म्हणाली, लाडात आला असेल, सर, घोड्याच्या ताईच इथे आहेत, त्यांनाच विचारू या. आणि तिने माझ्याकडे हात केला. इतक्या विश्वासाने केला की मला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पास्कल खाली मान घालून पुटपुटला, मेलो. मी तीस वर्षं मरत आले होते. पदर खोचला आणि उभी राहिले.

मी म्हटलं, "गूळ शोधतोय. मी शिकवलंय त्याला. शूटिंगसाठी. तो कुणाहीपुढे थांबतो."

कोणी हसलं नाही. मृणाल हातात चित्रफितीचा रिमोट धरून उभी होती. पडद्यावर मास्तरचं तोंड अजून पास्कलच्या खिशात होतं, कारण चित्रफीत तिथेच थांबवलेली होती. सरांना खरं तर जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ते मला बसायला सांगून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका बाई. आमच्या कागदांतही असे गूळ खाल्लेले साक्षीदार पुष्कळ असतात. त्यांचे खिसे कुणी दाखवत नाही, एवढंच." भला माणूस. पण मृणालचं प्रकरण गेलं ते गेलंच.

चहाच्या वेळी ती माझ्यापाशी आली. रडलेली नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

"ताई, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"पुस्तकात नाव येणार होतं गं."

तिने कप ठेवला आणि निघून गेली. दीड महिना तिचा फोन नाही, मी केला तर उचलला नाही. त्या दीड महिन्यात मी शिकवताना नीट ओरडलेसुद्धा नाही. पास्कल म्हणाला, तू आजारी आहेस काय? आजारी नव्हते, लाज वाटत होती. ज्या एका माणसाने माझ्या कामाला काम म्हटलं, तिचंच काम मी बुडवलं होतं.

मग एका रविवारी लाँचमधून उतरले तर जेट्टीवर मृणाल उभी. तिचे ते पांढरे बूट आता पिवळट झालेले. नमस्कार नाही, कशा आहात नाही. म्हणाली, "कधीच सेटवर न गेलेला घोडा आहे का तुमच्याकडे?"

होती. चिमणी. चार वर्षांची घोडी, नुकतीच आणलेली. कॅमेरा, ॲक्शन, कट, काही माहीत नसलेली. पुन्हा पास्कल आणि त्याची माणसं रांगेत, पुन्हा बांबू, पुन्हा मी वर. या वेळी मृणालने सगळ्यांचे खिसे तपासले. पास्कलच्या खिशात तपकीर निघाली, तीही काढून घेतली.

निघाले. चिमणीला दौडायचा नुसता आनंद. रांग वीस पावलांवर आली आणि रांग नव्हतीच. बारा जण बारा दिशांना. एक जण तर माडावर हात टेकून उभा, वर चढायच्या बेतात. चिमणी रिकाम्या जागेतून आरामात निघून गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मी जाम भडकले. हेच ते शूरवीर, जे इतकी वर्षं माझ्यासमोर छाती काढून उभे राहायचे. मी वरून नाही नाही ते बोलले.

पास्कलने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर थांबणार हे आम्हाला माहीत होतं. ही थांबेल याची गॅरंटी तू देतेस काय? मग तू ये ना खाली."

मृणाल लिहिता लिहिता थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. मला ते कळायला वेळ लागला. त्या जुन्या प्रयोगात नुसता घोडा शिकवलेला नव्हता, रांगसुद्धा शिकवलेली होती. मी गुळाची कबुली दिली, पण माणसांचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी उतरले. पास्कल जुन्या टांगेवाल्याचा मुलगा, बसतो चांगला. तो चिमणीवर चढला. मी बांबू घेतला आणि रांगेच्या मध्यावर उभी राहिले. माझ्या शेजारी येऊन मृणाल उभी राहिली, हेल्मेट घालून, बांबू दोन्ही हातांत. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, पुस्तक माझं आहे. मी रांगेला दम दिला, हलू नका रे, काही होत नाही. हे वाक्य मी आयुष्यात हजारदा म्हटलं असेल, पण प्रत्येक वेळी वरून.

खालून घोडा कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. आधी तळपायांना जमीन हलल्यासारखी वाटते. मग आवाज येतो. मग ती घोडी जवळ येत नाही, मोठी होत जाते. नाकपुड्या लाल, वर पास्कल कुठे दिसतच नाही. मला सगळं ज्ञान होतं. घोडा आदळत नाही हे मी आख्ख्या हॉलपेक्षा जास्त जाणत होते. आणि पंधरा पावलांवर माझ्या हातातून बांबू सुटला आणि मी पळाले. गुडघा आहे की नाही तेही आठवलं नाही.

पळता पळता मागे बघितलं. रांग कधीच फुटली होती. मृणाल एकटी उभी होती, बांबू पुढे धरून. चिमणीने कान मागे टाकले, पाऊल चुकवलं आणि तिच्या उजव्या अंगाने इतकी जवळून वळली की शेपटी हेल्मेटला लागली. पास्कल मानेला लटकलेला. धूळ खाली बसली तेव्हा मृणाल तशीच उभी होती. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि रडले, चांगली हमसून रडले.

"ताई, ती वळली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही पळालात."

"पळाले गं. तू कशी उभी राहिलीस?"

"उभी कसली राहतेय. पाय उचललेच नाहीत."

मग आम्ही दोघी त्याच धुळीत बसून वेड्यासारख्या हसलो.

तिने ते प्रकरण पुन्हा लिहिलं. घोडा आदळत नाही, बहुधा त्याला आदळावं लागतही नाही. तो येतोय एवढ्यानेच माणसं ठरवतात, राहायचं की पळायचं. राहिली तर घोडा वळतो, पळाली तर तो त्या वाटेने आत शिरतो. मोड झाला, मोड झाला असं जे कागदात येतं, तो मोड धडक बसण्याच्या आधीच होत असावा. एका घोडीवरून काही सिद्ध होत नाही, असंही तिने स्पष्ट लिहिलंय. मास्तरची गोष्टसुद्धा लिहिलीय, गुळासकट. सरांनी प्रस्तावना दिली आणि त्यात आपलं मत बदललेलं नाही असं लिहिलं. मृणाल म्हणते, सर असेच आहेत.

मास्तर आता काही काम करत नाही. पण रविवारी मुलं रांगेत उभी केली की कुंपणाआडून येतो, तीन हातांवर थांबतो आणि पास्कलला शोधतो. पास्कल अजून गूळ ठेवतो. मी बघितलं नाही असं करते.

पुस्तक यंदा आलं. छपाईला जाण्याआधी मृणालचा फोन आला होता. तळटीप वाचून दाखवली आणि विचारलं, ताई, इथे तुमचं नाव घालू की नुसतं 'एक अनुभवी स्वार' म्हणू? वाईट दिसेल का? मी म्हटलं, घाल. सगळं घाल. ते पान मी तबेल्यात खिळ्याला टांगलंय. नवीन मुलं आली की आधी तेच वाचतात: 'रांगेत उभ्या असलेल्या श्रीमती शालन परब, तीस वर्षांचा अनुभव असलेल्या स्वार, घोडा पंधरा पावलांवर असताना पळाल्या.' नाव बरोबर छापलंय. मी तीनदा वाचून खात्री केली.